बटाट्याचे निरोगी बेणे आणि किनाऱ्यावरची शेती

काचेच्या नळीत वाढवलेल्या रोपांपासून बटाट्याचे रोगमुक्त बेणे तयार करण्याची विद्या आता प्रयोगापुरती राहिलेली नाही. पंजाब, उत्तर प्रदेश, हिमाचल प्रदेश येथील बेणे-उत्पादनाच्या साखळीत तिला पक्के स्थान मिळाले आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतील एखादा चौकस शेतकरी तिच्याविषयी ऐकतो, तेव्हा त्याच्या मनात साहजिकच येते की, भात कापल्यावर आपलेही मळे मोकळे असतात, विहिरीला पाणी असते, घरच्या माणसांच्या हाताला काम हवे असते. मग हे मोलाचे बेणे आपणच का तयार करू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र नकारार्थीच द्यावे लागते. परंतु हा नकार कशासाठी, हे नीट उमजले तर त्याच विद्येचा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला खरा उपयोग कोठे आहे, हेही उमजेल. तो उपयोग आज बहुतांशी दुर्लक्षित आहे.

बटाट्याचे पीक दाण्यापासून नव्हे, कंदापासून घेतात. भाताचा किंवा कुळथाचा दाणा म्हणजे नवा जीव असतो आणि आईच्या अंगातील बरेचसे रोग त्यात उतरत नाहीत. बटाट्याचा कंद म्हणजे मात्र जुन्या झाडाचाच तुकडा. झाडाच्या अंगात विषाणू शिरला की तो कंदात उतरतो, कंदाबरोबर कोठारात जातो आणि पुढल्या हंगामात नव्या झाडाबरोबर पुन्हा शेतात येतो. पाने गुंडाळणे, पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडणे, झाड खुजे राहणे ही त्याची लक्षणे होत. वरून पाहता कंद मात्र चांगला दिसतो, आणि फसगत होते ती येथेच. वर्षामागून वर्षे घरचेच बेणे लावत गेल्यास उत्पन्न घटत जाते आणि शेतकरी म्हणतो, ‘बेणे खालावले.’ युरोपातही एके काळी वाण म्हातारा होतो, अशीच समजूत होती. विषाणूंची ओळख पटल्यावर कळले की, वाण म्हातारा झालेला नसतो. त्याच्या अंगात रोग साठत गेलेला असतो. विषाणूने धरलेले झाड शेतात बरे करणारे औषध आजही नाही.

त्यात बटाट्याला बेणे लागते फार. भाताच्या हेक्टरभर लावणीला ३५ ते ४० किलो बियाणे पुरते. बटाट्याला १५ ते २० क्विंटल, कधी त्याहूनही अधिक बेणे घालावे लागते. म्हणजे रोगट बेण्याचा शेतकरी दुहेरी नुकसान सोसतो. बेण्याचे पैसे गेले आणि पीकही अर्धेमुर्धे आले, अशी त्याची स्थिती होते.

या अडचणीतून वाट निघाली ती फ्रान्समध्ये. मोरेल आणि मार्टिन या दोन शास्त्रज्ञांना असे दिसले की, रोगी झाडाच्या शेंड्याच्या अगदी टोकाशी जो वाढीचा बिंदू असतो, त्यात विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो. झाडाच्या रसवाहिन्या तेथपर्यंत गेलेल्या नसतात आणि पेशींची वाढ विषाणूच्या पुढे धावत असते. १९५२ साली त्यांनी हा बिंदू कापून डेलियाचे निरोगी झाड उभे केले आणि १९५५ साली बटाट्यावरही तीच कृती साधली. कापावयाचा तुकडा मिलिमीटरच्या काही दशांशाइतकाच असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली काढतात. त्यापूर्वी झाड काही आठवडे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत ठेवले तर विषाणूची वाढ आणखी मंदावते. मग तो तुकडा साखर, क्षार व जीवनसत्त्वे घातलेल्या निर्जंतुक खळीवर ठेवतात. या खळीची जी मात्रा मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली ठरवली, तीच थोड्याफार फरकाने आजही जगभर वापरली जाते.

नळीत रोप उभे राहिले म्हणजे ते निरोगी झालेच, असे नव्हे. ज्या विषाणूंची भीती असते, त्या प्रत्येकासाठी रोपाची तपासणी करावी लागते आणि त्या कसोटीस उतरलेले रोपच पुढे वाढवतात. रोपाचे एकेका डोळ्याचे तुकडे करून तीन-चार आठवड्यांनी ते पुन्हा नव्या नळ्यांत लावतात. अशा रीतीने वर्षभरात एका रोपाची हजारो रोपे होतात. त्यानंतर ही रोपे कीटकरोधक जाळीगृहात लावून सुपारीएवढे छोटे कंद घेतात. अलीकडे मुळे अंधाऱ्या पेटीत लोंबती ठेवून त्यांवर अन्नद्रव्यांच्या पाण्याचे धुके फवारण्याची पद्धतही निघाली आहे. तीत एकाच झाडाचे कंद पुन्हा पुन्हा खुडता येतात. या छोट्या कंदांपासून शेतात पहिली पिढी, तिच्यापासून दुसरी, मग पायाभूत बेणे आणि शेवटी प्रमाणित बेणे असा क्रम असतो. साधारण शेतकऱ्याच्या हाती पडते ते हे शेवटचे बेणे.

प्रयोगशाळा बेणे स्वच्छ करून देते, परंतु ते स्वच्छ राखण्याचे काम शेतात होते. नळीतून निघालेल्या रोपाला रोगप्रतिकारशक्ती आलेली नसते. ते नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरासारखे असते. अंगणातला चिखल त्याला इतरांइतकाच लागतो. मावा एका रोगी झाडावरून उडून त्यावर बसला की सगळी मेहनत फुकट. करपा तर हवेतून येतो, त्याच्याशी या विद्येचा काही संबंध नाही. १८४५ साली आयर्लंडात ज्या करप्याने बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणला, तो आजच्या नळीतल्या रोपालाही तितक्याच सहज गाठू शकतो.

सबब बेणे स्वच्छ राखण्यासाठी मावा नसलेला हंगाम लागतो. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली आणि १९५६ साली तिचे मुख्यालय सिमल्यास गेले. पूर्वी निरोगी बेणे केवळ थंड पहाडांतच होते, असे मानत. या संस्थेने दाखवून दिले की, उत्तरेच्या मैदानातही ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मावा फार थोडा असतो आणि तेवढ्या अवधीत बेण्याचे पीक उरकून घेता येते. शंभर पानांमागे माव्याची संख्या वीसवर जाण्यापूर्वीच झाडांचा पाला कापून टाकावयाचा, म्हणजे विषाणू कंदापर्यंत उतरत नाही, अशी ही युक्ती आहे. ऊतिसंवर्धनाची नवी साखळी या जुन्या युक्तीवरच उभी आहे. पंजाबने २०२० साली ऊतिसंवर्धित बियाणे-बटाट्यासाठी स्वतंत्र कायदा केला, त्याचेही मर्म हेच की, नळीपासून शेतापर्यंतची प्रत्येक पायरी कोणाच्या तरी जबाबदारीखाली असली पाहिजे.

आता हीच कसोटी मालवणच्या किनाऱ्यास लावून पाहावी. बटाट्याला कंद धरण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. १५ ते २० अंश सेल्सिअस ही त्याला मानवणारी रात्र. त्यापलीकडे ऊब वाढली की पाला माजतो आणि कंद थोडे व लहान राहतात. समुद्रकाठी पौषातल्या रात्रीही या मर्यादेच्या वरच्या टोकाशी घुटमळतात आणि असा गारवा टिकतो तो मोजके आठवडे. माव्याला आळा घालणारी थंडी येथे पडत नाही. शिवाय जांभ्याच्या आम्ल जमिनीत वांगी, मिरची, टोमॅटो उभ्या उभ्या माना टाकतात, हे येथील प्रत्येक भाजीवाल्या शेतकऱ्याने पाहिले आहे. तो जिवाणूजन्य मर रोग बटाट्याचाही वैरी आहे. पुणे जिल्ह्यातील शेतकरी त्याला बांगडी म्हणून ओळखतात, कारण कापलेल्या कंदात तपकिरी कडे दिसते. जमिनीत हा रोग असताना तीत बेणे पिकवणे म्हणजे रोगच पोत्यांत भरून शेजाऱ्याला विकणे होय. आणि पीक हाती आले तरी पुढल्या लागवडीपर्यंत बेणे २ ते ४ अंशांच्या शीतगृहात ठेवावे लागेल, तो खर्च निराळाच.

खेड, मंचर, सातगाव पठार हा महाराष्ट्रातील बटाट्याचा जुना, जाणता टापू. तेथील शेतकरीसुद्धा बेण्यासाठी जालंधरकडे पाहतो आणि दरसाल पंजाबचे बेणे विकत घेतो. घाटावर जेथे किनाऱ्याहून बरीच अधिक थंडी पडते, तेथे जे परवडत नाही, ते समुद्राच्या वाऱ्यावर परवडेल अशी आशा धरू नये. परसात हौसेने चार ओळी लावून पाहण्यास कोणाचीच हरकत नाही. बचतगटाचे भांडवल त्यात घालण्यास मात्र गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्पष्ट शब्दांत हरकत घ्यावी.

तरीही बटाट्याच्या या कहाणीतून किनाऱ्याने घेण्याजोगे पुष्कळ आहे. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. परंतु मुळात कॅरिबियन बेटांवरील लोकांच्या भाषेत तो रताळ्याचा शब्द होता. नाव बटाट्याने नेले, आणि दुर्दैवाने शास्त्राचे लक्षही त्यानेच नेले. वास्तविक रताळ्याचे दुखणे अगदी बटाट्यासारखे आहे. रताळे वेलाच्या तुकड्यांपासून लावतात. म्हणजे तेही जुन्याच झाडाचा तुकडा. त्याच्या पानांवर पिसासारखे फिकट चट्टे पाडणारा विषाणू माव्यामार्फत पसरतो, पाने मुडपणारा विषाणू पांढरी माशी पसरवते. बहुधा लक्षणे इतकी सौम्य असतात की, शेतकऱ्याला ती दिसतही नाहीत. दिसते ते एवढेच की, पूर्वीसारखी रताळी आता लागत नाहीत. चीनच्या शांदोंग प्रांतात १९९० नंतरच्या दशकात शेंड्याच्या वाढबिंदूपासून काढलेले विषाणूमुक्त रताळ्याचे वेल शेतकऱ्यांना पुरवण्यात आले. उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक वाढले आणि दशक संपण्याच्या आतच त्या प्रांतातील बहुतेक रताळे-उत्पादकांनी ते वेल स्वीकारले. तेथे खत बदलले नव्हते, पाणी बदलले नव्हते. बदलले ते फक्त बेणे.

केळीचीही स्थिती अशीच. मुनव्याबरोबर पर्णगुच्छाचा विषाणू येतो, सोंड्या भुंग्याची अळी येते, सूत्रकृमी येतात आणि मुळाशी चिकटलेल्या मातीतून मर रोगाची बुरशी येते. पर्णगुच्छ रोग १९४० च्या सुमारास सिलोनमधून त्रावणकोरात शिरला आणि पुढे तमिळनाडूतील पळणी टेकड्यांवरील विरुपाक्षी केळीच्या बागाच्या बागा त्याने उठवल्या. ती जात पुन्हा उभी करण्यासाठी शेवटी ऊतिसंवर्धित विषाणूमुक्त रोपांचाच आधार घ्यावा लागला. दोडामार्ग-बांदा पट्ट्यातील केळीबागांनी आणि किनाऱ्यावरील माडा-पोफळींच्या बागांत केळ लावणाऱ्यांनी ही गोष्ट दूरची समजू नये.

येथे एक विसंगती नोंदवल्यावाचून राहवत नाही. सिंधुदुर्गातील शेतकरी कलमांच्या बाबतीत अतिशय चोखंदळ आहे. हापूसचे कलम घेताना तो काडी कोणत्या झाडाची, हे विचारतो. काजूचे कलम घेताना वेंगुर्ला-४ की वेंगुर्ला-७, हे विचारतो, आणि रोपवाटिकेवर विश्वास नसेल तर परत फिरतो. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ साली सुरू झाले, तेव्हापासून हळूहळू मातृवृक्षाचे महत्त्व या जिल्ह्याच्या अंगवळणी पडले. परंतु तोच शेतकरी रताळ्याचे वेल कोणाच्याही बांधावरून उपटून आणतो, केळीचा मुनवा ज्या बागेत फुकट मिळेल तेथून उचलतो, आणि सुरण, कणगर, घोरकंद यांचे चांगले कंद बाजारात विकून उरलेसुरले लहान, किडके कंद बेण्यासाठी ठेवतो. आंब्याला लावलेला न्याय कंदाला का लावू नये? कलम आणि बेणे यांत तत्त्वतः कसलाही भेद नाही. दोन्ही जुन्या झाडाचेच अंग आहेत.

याला शेतकऱ्याइतकेच विस्तारकार्यही जबाबदार आहे. रोपे वाटली की वाटलेल्या रोपांचा आकडा अहवालात येतो आणि काम संपते. तिसऱ्या वर्षी त्या रोपांचे काय झाले, त्यांची पुढली बेण्याची पिढी कोणी राखली, हा रकाना अहवालात नसतो. निरोगी रोप फुकट वाटून ते रोगी बागेच्या मध्यावर लावू देणे ही सरकारी पैशाची उधळपट्टी आहे, असे म्हणण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. फुकट मिळालेल्या वेलाची जात कोणी विचारीत नाही, हाही नित्याचा अनुभव आहे. त्यापेक्षा थोडी का होईना, किंमत घेऊन द्यावे.

तर मग करावे काय? गावोगावी प्रयोगशाळा काढण्याची गरज नाही. ते काम निष्णात माणसांचे, अखंड विजेचे आणि काटेकोर स्वच्छतेचे आहे. जिल्ह्याला हवी आहे ती प्रयोगशाळेच्या पुढची पायरी, म्हणजे गावातला मातृवाफा. कोकण कृषी विद्यापीठाने दापोलीहून रताळ्याची कोकण अश्विनी, कणगराची कोकण कांचन, घोरकंदाची कोकण घोरकंद अशा या हवामानास मानवणाऱ्या जाती दिल्या आहेत. तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था १९६३ पासून याच पिकांवर काम करीत आहे. मुळद्याचे उद्यानविद्या महाविद्यालय आणि किर्लोसचे कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहेत. अशा संस्थांमार्फत तपासलेले मूळ बेणे मागवावे आणि ते गावातील एखाद्या जबाबदार शेतकऱ्याकडे किंवा महिला बचतगटाकडे केवळ बेणे वाढवण्यासाठी सोपवावे. ज्या गटाला बटाट्याच्या बेण्याचे स्वप्न पडले असेल, त्यांचे मनुष्यबळ येथे अधिक सत्कारणी लागेल.

रताळ्यापुरते बोलावयाचे तर हेक्टरभर लागवडीला लागणारे वेल मिळवण्यास एक गुंठा पहिला वाफा आणि पाच गुंठे दुसरा वाफा पुरतो. पहिल्या वाफ्यात सुमारे १०० किलो निरोगी, मध्यम आकाराची रताळी लावावीत. तपासलेले वेल मिळाले तर प्रश्नच नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी त्यांचे वेल कापून दुसऱ्या वाफ्यात लावावेत आणि तेथून पुढे शेतात न्यावेत. आषाढातील लावणीसाठी हा उद्योग चैत्रातच आरंभावा लागतो. म्हणून वाफा विहिरीजवळ हवा. तो जुन्या रताळ्यांच्या शेतापासून जितका दूर तितका बरा, आणि पुळणीपासूनही दूर असावा. किनाऱ्याच्या वाळूवर पसरणारी मर्यादावेल रताळ्याच्याच कुळातली असून रताळ्यातील सोंड्या भुंगा तिच्यावर आसरा घेतो. म्हणून ती उपटण्यास मात्र कोणी धावू नये. वाळू धरून ठेवण्याचे तिचे काम रताळ्याहून थोर आहे. वाफाच बाजूला न्यावा.

वेल कापताना शेंड्याकडचा, वीतभर लांबीचा, तीन-चार डोळ्यांचा तुकडा घ्यावा. बुडाकडचा जून भाग टाकून द्यावा, कारण भुंग्याची मादी अंडी घालते ती बहुधा त्याच भागात. ही साधी काळजी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून आजपासून घेता येते आणि तिला एक पैसाही लागत नाही. भुंग्यापासून ऊतिसंवर्धन संरक्षण देत नाही, हे येथे पुन्हा सांगणे भाग आहे. त्यासाठी भर लावणे, रताळी वेळेवर काढणे आणि त्याच जमिनीत पाठोपाठ रताळे न घेणे हेच उपाय आहेत.

केळीची रोपे विकत घेणाऱ्याने मात्र लेबल मागितलेच पाहिजे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाला १९६६ च्या बियाणे अधिनियमाखाली २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाचा अधिकार मिळाला. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या रोपांचा गट विषाणूंसाठी तपासून मगच त्याला प्रमाणपत्र व लेबल दिले जाते. ‘टिश्यूची रोपे’ एवढ्या तोंडी शब्दावर पैसे मोजणे म्हणजे काडीची चौकशी न करता हापूसचे कलम घेणे होय. नळीतून नुकतीच निघालेली नाजूक रोपे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. पिशवीत सावलीखाली वाढून पाच-सहा पाने झालेली, फूटभर उंचीची रोपे घ्यावीत. पाने आखूड, ताठ व शेंड्याशी गुच्छासारखी दाटलेली दिसली, किंवा इतरांहून वेगळ्या ठेवणीची दिसली, तर ते रोप नाकारावे. आणि बागेत जुनी पर्णगुच्छाची झाडे उभी असतील तर ती गड्ड्यासह काढून नष्ट केल्याशिवाय नवे रोप आणूच नये. झाड काढण्यापूर्वी त्यावरील माव्याचा बंदोबस्त करावा, नाही तर तो उडून शेजारच्या झाडावर बसतो.

मातृवाफा ज्याच्याकडे असेल त्याने एक वही ठेवावी. तीत बेणे कोठून आले, कोणत्या तारखेस लावले, किती झाडे रोगट म्हणून उपटली आणि वेल कोणाला दिले, एवढेच लिहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा वाफा पाहून तीत सही करावी. चट्टे पडलेले, मुडपलेले किंवा खुजे झाड दिसले तर ते बरे होईल म्हणून वाट न पाहता त्याच दिवशी मुळासकट काढून जाळावे. दोन-तीन वर्षांनी वाफ्यातील सगळे बेणे मोडून मूळ ठिकाणाहून नवे आणावे, मग ते वरून कितीही तजेलदार दिसो. नव्या बेण्याची मागणी आगाऊ नोंदवावी लागते. चैत्रात वाफा लावावयाचा असेल तर ती पौषातच गेली पाहिजे.